वाहनांच्या प्रायमर फवारणीतील स्प्रे गनचे दोष

वाहनांच्या प्रायमर फवारणीतील स्प्रे गनचे दोष म्हणजे मोटारगाडी, दुचाकी, ट्रॅक्टर आदी वाहनांच्या पत्र्यावर रंगापूर्वीचा अस्तराचा थर देताना स्प्रे गन, तिला मिळणारी हवा किंवा तिच्यात भरलेले मिश्रण यांतील बिघाडामुळे उद्भवणाऱ्या अडचणी होत. गनने अधूनमधून थेंब टाकणे, फवारा एका बाजूला झुकणे, नोझलमधून गळती होणे, पृष्ठभाग खरखरीत राहणे, ओघळ येणे ही त्यांची नेहमीची लक्षणे आहेत. प्रायमर हा पत्रा आणि रंग यांना जोडणारा थर असल्याने त्यातील दोष वरच्या रंगाने झाकले जात नाहीत. काही आठवड्यांनी किंवा पहिल्या पावसाळ्यानंतर ते फोड, पापुद्रे व गंज यांच्या रूपाने वर येतात आणि काम पत्र्यापासून पुन्हा करावे लागते.

पार्श्वभूमी

फवारणीने रंग देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ होऊ लागली. शिकागो येथे जोसेफ बिंक्स यांनी मोठ्या दुकानाच्या तळघरातील भिंतींना सफेदी देण्यासाठी हातपंपाचे फवारणीयंत्र तयार केले. टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डीव्हिलबिस यांनी घशात औषध फवारण्यासाठी तुषारक बनवला होता. त्यांचे पुत्र थॉमस डीव्हिलबिस यांनी त्याच तत्त्वावर १९०७ मध्ये रंगासाठी हाताने चालवण्याची स्प्रे गन विकसित केली. त्या काळी मोटारींना ब्रशने तेलयुक्त व्हार्निश लावले जाई व ते वाळण्यास अनेक दिवस, कधी आठवडेही लागत. १९२० च्या दशकात ड्युपाँ कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या गाड्यांवर वापरात आला. तो इतक्या लवकर वाळे की ब्रशने एकसारखा पसरवणे अवघड होते. त्यामुळे स्प्रे गन ही वाहन रंगकामाची अपरिहार्य गरज बनली.

भारतातील गॅरेजांत आजही नायट्रोसेल्युलोज रंगाला 'एनसी' आणि पॉलियुरेथेन रंगाला 'पीयू' असे संक्षेपाने म्हणतात.

स्प्रे गनची रचना

हवेवर चालणाऱ्या स्प्रे गनमध्ये दाबाखालील हवेचा झोत प्रायमरच्या धारेला फोडून तिचे तुषार करतो. ट्रिगर दाबल्यावर प्रथम हवेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि त्यानंतर सुई मागे सरकून नोझलचे छिद्र मोकळे होते. नोझलभोवती बसवलेल्या एअर कॅपच्या मधल्या कड्यातून येणारी हवा तुषार बनवते. कॅपच्या दोन शिंगांमधील छिद्रांतून येणारी हवा या गोल फवाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबून त्याला लांबट, पंख्यासारखा आकार देते. गनवर साधारणपणे तीन नियंत्रणे असतात : पंख्याची रुंदी, द्रवाचे प्रमाण आणि हवेचा दाब.

कपाच्या जागेनुसार गनचे दोन प्रमुख प्रकार पडतात. खाली कप असलेल्या गनमध्ये हवेच्या झोताने निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे द्रव वर ओढला जातो. वर कप असलेल्या गनमध्ये तो गुरुत्वाने उतरतो. दाट प्रायमरसाठी वरच्या कपाची गन अधिक सोयीची ठरते. 'एचव्हीएलपी' प्रकारच्या गनमध्ये हवा पुष्कळ, पण एअर कॅपपाशी दाब कमी, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ०.७ बार (१० पीएसआय) असतो. त्यामुळे हवेत उडून वाया जाणारा रंग कमी होतो.

नोझलच्या छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. वरच्या रंगासाठी १.२ ते १.४ मिमी, भराव देणाऱ्या प्रायमरसाठी १.६ ते २.० मिमी आणि फवाऱ्याने मारण्याच्या पॉलिएस्टर पुट्टीसाठी २.० मिमी व त्याहून मोठे नोझल वापरले जाते. रंगाची गन तशीच प्रायमरसाठी वापरणे हे अनेक दोषांचे मूळ कारण असते. लहान छिद्रातून दाट प्रायमर जात नाही म्हणून त्यात प्रमाणाबाहेर थिनर घातले जाते. त्यामुळे थर पातळ पडतो, ओघळतो आणि वाळताना आक्रसून खालचे ओरखडे उघडे पाडतो.

प्रायमरचे प्रकार

* रेड ऑक्साइड : एकाच डब्यातून येणारा, स्वस्त प्रायमर. ट्रॉली, ट्रकचा सांगाडा व शेतीची अवजारे यांवर अधिक वापरला जातो.
* एनसी सरफेसर : लवकर वाळणारा व घासण्यास सोपा. हा थर सच्छिद्र असतो, त्यामुळे तो उघडा ठेवल्यास ओलावा पत्र्यापर्यंत पोहोचतो.
* इपॉक्सी : दोन घटकांचा. उघड्या पत्र्यावर उत्तम पकड व गंजापासून संरक्षण देतो.
* पीयू किंवा टू-के सरफेसर : हार्डनर मिसळून वापरावयाचा, भरीव थर देणारा. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात.
* वॉश प्रायमर : आम्लयुक्त, अतिशय पातळ थर. यावर पॉलिएस्टर पुट्टी थेट लावत नाहीत.

निदानाचा क्रम

दोष गनमध्ये, हवेत की मिश्रणात आहे हे ठरवण्यापूर्वी गन उघडल्यास वेळ वाया जातो. म्हणून सोप्या तपासणीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे.

१. मिश्रणाची तपासणी : प्रायमरमधील जड भुकटी डब्याच्या तळाशी बसते. ती पूर्ण ढवळली न गेल्यास वरचा पातळ भाग ओघळतो व तळाचा भाग नोझल अडवतो. दाटपणा फोर्ड कपाने मोजतात. कप भरून खालच्या छिद्रातून अखंड धार किती सेकंद टिकते हे पाहिले जाते व ते उत्पादकाच्या पत्रकाशी ताडतात. मिश्रण गाळूनच कपात ओतले जाते.

२. हवेची तपासणी : ट्रिगर दाबलेला असताना गनच्या मुठीपाशी दाब मोजला जातो. हवा वाहत नसताना दिसणारा दाब फसवा असतो, कारण लांब व अरुंद नळीत दाब बराच घटतो.

३. कागदावरील चाचणी : भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर गन स्थिर धरून क्षणभर ट्रिगर दाबतात. उमटलेला फवारपट्टा लंबगोल, दोन्ही टोकांना सारखा व मध्यभागी एकसमान असावा.

४. एअर कॅप फिरवण्याची चाचणी : पट्टा वेडावाकडा आल्यास एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा चाचणी घेतात. पट्ट्यातील दोषही उलटला तर बिघाड एअर कॅपमध्ये असतो. दोष त्याच बाजूला राहिला तर तो द्रव नोझलमध्ये किंवा सुईत असतो. या एका चाचणीने निम्मी शक्यता बाद होते.

फवारपट्ट्यातील दोष

चंद्रकोरीसारखा पट्टा : एअर कॅपच्या एका शिंगाची छिद्रे बुजलेली असतात. मोकळ्या शिंगाची हवा फवाऱ्याला बुजलेल्या बाजूकडे ढकलते. कॅप थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ केली जाते.

वर किंवा खाली जड पट्टा : नोझलच्या तोंडावर वाळलेला प्रायमर, वाकलेली सुई किंवा कॅपच्या मधल्या कड्यातील घाण यामुळे द्रव एका बाजूने अधिक बाहेर पडतो.

मध्ये तुटलेला, डमरूसारखा पट्टा : द्रवाच्या मानाने हवेचा दाब जास्त असतो किंवा मिश्रण फार पातळ असते. दाब कमी करणे, पंखा किंचित अरुंद करणे अथवा द्रवाचे प्रमाण वाढवणे हे उपाय होत.

मध्यभागी जड पट्टा : दाब अपुरा, मिश्रण दाट, द्रव जास्त सोडलेला किंवा नोझल झिजून मोठे झालेले असते. प्रायमरमधील भुकटी घर्षण करणारी असल्याने प्रायमरच्या गनचे नोझल रंगाच्या गनपेक्षा लवकर झिजते.

थुंकणे व फडफडणे : द्रवाच्या मार्गात हवा शिरत असल्याचे हे लक्षण आहे. कप रिकामा होत आलेला असणे, गन फार तिरपी धरणे, नोझल सैल असणे, सुईभोवतीचे पॅकिंग सुकलेले किंवा ढिले असणे, कपाचा आटा नीट न बसणे ही त्याची कारणे होत. वरच्या कपात बुडबुडे येत असतील तर नोझल सैल आहे किंवा त्याची बैठक खराब झाली आहे, असे निदान केले जाते. अशा वेळी नोझल योग्य पान्याने आवळतात. पॅकिंगवर सिलिकॉनविरहित तेलाचा थेंब दिल्यानेही पुष्कळदा फडफड थांबते.

द्रव न येणे : कपाच्या झाकणावरील बारीक वायुछिद्र बुजल्यास कपात निर्वात तयार होऊन धार थांबते. हे कारण क्षुल्लक असले तरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. झाकण सैल करताच फवारा सुरू झाला तर निदान निश्चित होते. त्याखेरीज जाळी किंवा नोझल तुंबणे आणि हार्डनर मिसळलेले मिश्रण घट्ट होऊ लागणे ही कारणे असतात.

गळती

ट्रिगर सोडल्यावरही नोझलमधून थेंब पडत असतील तर सुई बैठकीवर पूर्ण टेकत नाही. तिच्या टोकावर वाळलेला कण, झिजलेले टोक, अशक्त झालेली स्प्रिंग किंवा अतिघट्ट आवळलेले पॅकिंग ही कारणे संभवतात. सुई व नोझल एकमेकांसोबत झिजत असल्याने ती जोडीनेच बदलली जातात. ट्रिगरजवळून द्रव झिरपत असल्यास पॅकिंगची चाकी थोडी आवळतात. सुई अडखळू न देता मोकळी सरकली पाहिजे, ही त्या आवळण्याची मर्यादा होय. ट्रिगर न दाबता समोरून केवळ हवा येत असेल तर हवेच्या व्हॉल्व्हमध्ये घाण किंवा झीज असते.

हवापुरवठ्यातील दोष

लहान गॅरेजातील अनेक तक्रारींचे मूळ गनमध्ये नसून कॉम्प्रेसरमध्ये असते. पिस्टन प्रकारच्या कॉम्प्रेसरमधून दर अश्वशक्तीमागे मिनिटाला ढोबळमानाने ३ ते ४ घनफूट हवा मिळते, तर एचव्हीएलपी गनला मिनिटाला १० घनफूट किंवा त्याहून अधिक हवा लागू शकते. परिणामी पहिले पॅनेल चांगले होते. पुढे टाकीतील दाब घसरतो, तुषार मोठे होतात व पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. मोठी टाकी, रुंद व आखूड नळी किंवा कमी हवेवर चालणारी गन हे त्यावरील पर्याय आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ३०° सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असल्यास ८ घनमीटर हवेत सुमारे १४५ ग्रॅम बाष्प असते. ही हवा ७ बारपर्यंत दाबली की तिचे आकारमान जवळपास १ घनमीटर होते आणि ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवल्यावर तिच्यात केवळ ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेले सुमारे ११५ ग्रॅम पाणी टाकीत व नळीत साचते. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून पाणी काढून टाकणे म्हणूनच आवश्यक असते. पाणी वेगळे करणारा फिल्टर कॉम्प्रेसरला अगदी खेटून लावल्यास हवा गरम असल्याने बाष्प त्यातून तसेच पुढे जाते. काही मीटर लांबीच्या धातूच्या नळीत हवा निवल्यानंतर तो बसवणे परिणामकारक ठरते. झिजलेल्या पिस्टनरिंगमधून येणारे तेलही हवेबरोबर पत्र्यावर पोहोचते.

पृष्ठभागावरील दोष

खरखरीत, कोरडा थर : तुषार पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच वाळतात. गन फार लांब धरणे, दाब जास्त असणे, थिनर अतिजलद वाळणारे असणे किंवा पत्रा तापलेला असणे ही कारणे होत. असा थर भरीव दिसला तरी आतून सच्छिद्र असतो व त्याची पकड दुबळी असते.

ओघळ : गन जवळ धरणे, हात संथ चालवणे, जास्त थिनर किंवा दोन थरांमध्ये पुरेसा वेळ न देणे यामुळे येतात.

खळगे : मेण, सिलिकॉनयुक्त पॉलिश, वंगण किंवा हवेतील तेलामुळे प्रायमर ठिकठिकाणी मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. नुसते घासल्याने तेल पसरते. म्हणून घासण्यापूर्वी व नंतरही पृष्ठभाग योग्य द्रावकाने व स्वच्छ कापडाने पुसला जातो.

सुईच्या अग्राएवढी छिद्रे : एकाच वेळी जाड थर दिल्यास वरची साय आधी वाळते व आत अडकलेले थिनर ती फोडून बाहेर पडते. पुट्टीतील छिद्रे प्रायमरने बुजवण्याचा प्रयत्नही बहुधा फसतो.

सुरकुत्या : जुन्या इनॅमलवर तीव्र थिनरचे प्रायमर मारल्यास खालचा थर फुगून उचलला जातो.

फवारणी करताना गन पृष्ठभागाला काटकोनात व सुमारे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर ठेवतात आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्या भागावर चढवतात. मनगट फिरवून कमानीत हात चालवल्यास कडांना थर पातळ व मध्ये जाड पडतो.

अक्कलकोट परिसरातील स्थिती

अक्कलकोट हे सोलापूर जिल्ह्यातील कर्नाटक सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण असून श्री स्वामी समर्थांच्या स्थानामुळे तेथे भाविकांच्या वाहनांची सतत वर्दळ असते. सोलापूर जिल्हा ऊस व साखर कारखान्यांचा असल्याने ट्रॅक्टर व ट्रॉल्यांची संख्याही मोठी आहे. उसाच्या ट्रॉलीला माती, चिखल व रसाळ ओलावा यांचा सतत संपर्क येतो. तिच्या पत्र्याचे आयुष्य प्रायमरच्या थरावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

हा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. एप्रिल व मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° सेल्सिअसच्या वर जाते व हवा कोरडी असते. रंग उत्पादकांच्या पत्रकांतील वेळा बहुधा २० ते २५ अंशांसाठी दिलेल्या असतात. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होत असल्याने २० अंशांना तासभर टिकणारे हार्डनरमिश्रित प्रायमर ४० अंशांना पाव तासातच घट्ट होऊ लागते. त्यामुळे गन तुंबण्याचे प्रमाण उन्हाळ्यात वाढते. उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो व त्यावर कोरडा थर बसतो. गाडी सावलीत निववणे, सकाळच्या वेळी फवारणी करणे, सावकाश उडून जाणारे थिनर वापरणे आणि थोडे थोडे मिश्रण तयार करणे हे या काळातील उपाय होत.

दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीची बारीक धूळ हाही येथील प्रश्न आहे. उघड्यावर किंवा रस्त्यालगत फवारणी करताना ती ओल्या थरात बसते. जमिनीवर आधी पाणी शिंपडणे व चोहोबाजूंनी पडदे लावणे यांमुळे धूळ कमी होते.

या भागात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये अधिक असतो आणि त्यानंतर लगेच उसाच्या गळीत हंगामाची तयारी सुरू होते. परिणामी ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचे काम दमट दिवसांत येऊन पडते. अशा हवेत एनसी थर पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव जमते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. वॉटरपेपरने घासलेला सरफेसर पूर्ण न वाळवता त्यावर रंग दिल्यास अडकलेल्या पाण्यामुळे पुढे फोड येतात.

स्वच्छता व निगा

काम संपताच गन धुणे हा दोष टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. हार्डनरयुक्त प्रायमर एकदा घट्ट झाल्यावर थिनरमध्ये विरघळत नाही. कप रिकामा करून त्यात थिनर फवारतात आणि त्यानंतर कॅप, नोझल व सुई काढून ब्रशने धुतात. सुई आधी काढून मगच नोझल सोडवल्यास दोहोंची बैठक सुरक्षित राहते. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवल्यास पॅकिंग कडक होतात व हवेच्या मार्गात घाण शिरते. तार किंवा खिळ्याने छिद्रे कोरल्यास त्यांचा आकार कायमचा बिघडतो. ॲल्युमिनियमच्या गनसाठी क्लोरीनयुक्त द्रावके वर्ज्य मानली जातात, कारण दाबाखाली त्यांची धातूशी स्फोटक अभिक्रिया होऊ शकते.

आरोग्य व सुरक्षितता

पीयू प्रायमरच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास व्यावसायिक दमा होऊ शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की नंतर अत्यल्प मात्रेनेही झटका येतो व कारागिराला व्यवसाय सोडावा लागू शकतो. भारतातील कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेट विषबाधेचा समावेश सूचनायोग्य रोगांत होता. या पदार्थाचा वास धोक्याच्या पातळीच्या आधी जाणवतोच असे नाही. त्यामुळे वास येत नाही म्हणून हवा सुरक्षित आहे, हा समज चुकीचा ठरतो.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मुखपट्टा आयसोसायनेटच्या बाष्पापासून संरक्षण देत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हा सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो. फवारणी थांबल्यानंतरही न दिसणारे तुषार काही काळ हवेत तरंगत राहतात. म्हणून मुखवटा लगेच काढला जात नाही व इतरांनाही आत येऊ दिले जात नाही. गनची चाचणी घेताना व ती धुतानाही हेच नियम लागू होतात. प्रत्यक्षात याच वेळी मुखवटा उतरवला जाण्याची शक्यता अधिक असते.

थिनरमधील टोल्युइनचा प्रज्वलनांक केवळ ४° सेल्सिअस आहे, म्हणजे अक्कलकोटसारख्या ठिकाणी वर्षातील कोणत्याही दिवशी त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. फवारणीच्या जागी वेल्डिंग, ग्राइंडिंग, विडी-सिगारेट व उघडी विद्युत जोडणी टाळावी लागते. गन खोलण्यापूर्वी हवेची नळी काढून आतील दाब सोडला जातो.

प्रशिक्षण

भारतातील डेंटिंग-पेंटिंगचे बहुतेक कारागीर उस्तादाच्या हाताखाली काम करून शिकतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शिल्पकारागीर योजनेत वाहनांच्या रंगकामाचा एक वर्षाचा स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रमही आहे.

हे सुद्धा पहा

* कॉम्प्रेसर
* गंज
* पॉलियुरेथेन
* व्यावसायिक आजार
* अक्कलकोट